ओवाळणीतले कांदे

आक्का, तुझ्या तेराव्याच्या दिवशी मी तुझ्या पडवीतून जी कुंडी चोरून आणली, तिच्यात कांदा निघाला.

साधा कांदा. लाल, खायचा. ज्या निफाड तालुक्यात पोरं बोलायच्या आधी कांदा निवडायला शिकतात, तिथे आपण दोघं जन्मलो, आणि तिथल्या माणसाला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कांदा ओळखता आला नाही. अठरा दिवस मी त्याला हाताने पाणी घातलं. इंदिरानगरच्या आमच्या गॅलरीत उन्हाची जी एकच चांगली जागा आहे, तिथली तुळस हलवून त्याला बसवलं. कोंब दिसला त्या सकाळी देवाजवळ निरांजन लावलं आणि शैलाला हाक मारून म्हणालो, "बघ, आक्का आली." शैलाने चष्मा लावला, कोंबाचं टोक मोडलं, बोटांत चुरडून नाकाशी नेलं.

"अहो, ही पात आहे," ती म्हणाली. "आणखी चार दिवस वाढू द्या, झुणका करते."

केला. मी खाल्लाही. दोनदा वाढून घेतला. तुझ्यापासून काय लपवायचं.

गेलेल्या माणसाशी भांडू नये, त्याच्याविषयी चांगलं तेवढंच बोलावं, असं दहाव्याला तुझ्या घाटावर मला तिघांनी सांगितलं. मी मान हलवली. पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते तसंच सोडून द्यायचं मला काही कारण दिसत नाही. तू मध्येच उठून गेलीस, मी अजून बसलेलो आहे. तेव्हा ऐक.

सुरुवात माझ्याच मूर्खपणाने झाली, हे मान्य. नव्वदीच्या सुरुवातीला ऑफिसातल्या एकाने दार्जिलिंगकडच्या कुठल्याशा नर्सरीची छापील यादी आणली होती. पोस्टाने कंद मागवायचे. त्या यादीत एका ओळीत 'अ‍ॅमेझॉन लिली, दक्षिण अमेरिका' असं होतं. मी पाच मागवले. लिली म्हणजे कमळ, हे मला शाळेपासून माहीत होतं. अ‍ॅमेझॉन म्हणजे एवढी मोठी नदी, हेही माहीत होतं. दोन गोष्टी माहीत असलेला माणूस तिसरी विचारत नाही. मी बाजारातून निळा प्लॅस्टिकचा टब आणला, काठोकाठ भरला आणि पाचही कंद तळाशी सोडले. आठव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. तुमच्याकडे उंदीर मेलाय का, म्हणाले. तीन कंद विरघळले होते. उरलेले दोन मी वर्तमानपत्रावर वाळवले.

आणि भाऊबीज आली. शैला तिच्या माहेरी गेलेली. जाताना तिने चारदा बजावलं होतं, आक्कांची साडी घ्या. मी तुझ्या सायखेड्याच्या एसटीत बसल्यावर मला साडी आठवली. पिशवीत फराळाचा डबा होता, आणि तुला दाखवून विचारावं म्हणून घेतलेले ते दोन कंद होते.

तू ओवाळलंस. सुपारी फिरवलीस, अंगठी फिरवलीस, ताट धरून थांबलीस. मी ते दोन कंद काढून ताटात ठेवले.

"हे काय रे?"

"दक्षिण अमेरिकेचे आहेत."

तू ताटाकडे पाहिलंस, मग दारातून दिसणाऱ्या तुमच्या कांदाचाळीकडे पाहिलंस. चाळ गच्च भरलेली होती. "बाळू," तू म्हणालीस, "सायखेड्याच्या बाईला ओवाळणीत कांदे?"

दाजी पाटावरून उठत म्हणाले, "असू द्या. चाळीत टाकू."

तू ते चाळीत टाकले नाहीस. न्हाणीमागे लिंबाच्या झाडाखाली, जिथे ऊन गाळून येतं, तिथे लावलेस. दीड वर्षानं मला ऑफिसच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. ते मी अजून ठेवलंय. 'तुजे कांदे फुलले. पांढरी फुलं हायेत, माना खाली घालून, नव्या सुनेवानी. वास लय चांगला. बगून जा. येताना साडी आण.'

त्या फुलांसमोर तू उकिडवी बसून होतीस ते मला दिसतंय. हिरवट पांढरी, मधे वाटीसारखी. तू बोटाने एकाची हनुवटी वर केलीस आणि सोडून दिलीस. मान परत खाली. "ऐकत नाय," तू म्हणालीस, आणि तुझा आवाज असा होता की घरातल्या सगळ्यांत तुला हेच एक पसंत पडलंय.

मग दर भाऊबीजेला साडी आणि एक कंद, असा आपला नेम झाला. शेंदरी पाकळीत पांढरा पट्टा असलेली. पानाच्या मधोमध खडूने रेघ मारल्यासारखी रेघ असलेली. भरपूर पाणी मिळालं की चार दिवसांत गुलाबी फुलून येणारी, आणि पुढचे चार दिवस कोणी विचारलं तर आपण कोणीच नाही असं दाखवणारी. तुझ्या रमेशच्या शाळेच्या नकाशात मी तुला ब्राझील दाखवलं, पेरू दाखवलं. पेरू देशाचं नाव ऐकून तू म्हणालीस, "मग तिथं कांदेबी नीट येत असतील." ह्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही.

गावाने त्यांना 'आक्काचे न खायचे कांदे' असं नाव दिलं. त्या नावात थोडी भीती होती. ती बाहेर आली शेजारच्या वामनतात्यांची शेळी मेली तेव्हा. शेळी तुझ्या कुंपणातून आत येताना कोणी तरी पाहिली होती. तात्या चार माणसं घेऊन दारात आले. मी नेमका त्या दिवशी तिथे होतो आणि नेमका कोणाच्याही नजरेला पडणार नाही असा चाळीमागे उभा होतो.

तू पदर खोचून बाहेर आलीस. "तात्या, शेळीचं पोट फाडून बगा. माजा कांदा निघाला तर आत्ताच्या आत्ता सगळे उपटून नदीत टाकते. नाय निघाला तर ह्या वाटेनं शेळ्या आणायच्या नाय."

कंद खरंच विषारी असतात, हे मी तुला पुस्तकात वाचून सांगितलं होतं. तुला ते माहीत होतं. तरी तू बोललीस. पोटातून निघाली प्लॅस्टिकची पिशवी आणि हातभर नायलॉनची दोरी. मी तेव्हा चाळीमागून पुढे आलो.

तात्यांना हरणं जमेना. ते म्हणाले, "पण बाई, उपयोग काय ह्याचा? खाता येत नाय, इकता येत नाय, देवाला चालत नाय."

"तात्या," तू म्हणालीस, "तुमचा तरी काय उपयोग हाय? ठेवलंय ना घरच्यांनी."

पुढे मी तुला पत्र्याची पाटी रंगवून दिली. 'हे कांदे विषारी आहेत. माणसांनी व शेळ्यांनी खाऊ नयेत.' ती वाचायला पंचक्रोशीतून लोक आले. शेळ्या आल्या नाहीत, म्हणजे पाटीचा उपयोग झालाच.

आता पुढचं लिहिताना हात जरा थांबतो, पण थांबू देणार नाही.

दाजी गेले. तू भिंतीला टेकून बसलेली. येणारा प्रत्येक जण काही तरी बोलत होता, देवाची मर्जी, पोरांकडे बघ, वगैरे. मलाही वाटलं आपण बोलावं. आणि सगळ्यांसारखं बोलू नये, तुझ्या भाषेत बोलावं. तुमची लिंबाची नि डाळिंबाची बाग मी पाहत आलो होतो. बागेचं पाणी तोडायचं, झाड सुकू द्यायचं, पानं गळू द्यायची, आणि मग पाणी सोडलं की ते फुलांनी लदबदून जातं. त्याला ताण देणं म्हणतात. मी तुझ्याजवळ वाकलो आणि म्हणालो, "आक्का, ताण दिल्याशिवाय बहार येत नाही."

तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. शैलाने मला दंडाला धरून बाहेर नेलं आणि बाहेर जे बोलली ते इथे लिहिता येत नाही.

सात महिने तू माझ्याशी बोलली नाहीस. भाऊबीज आली. वर्षाच्या आत सण करायचा नाही, असं तुझ्या सासरी सगळे म्हणत होते. मी तरी गेलो, दारातून परत यायच्या तयारीने. तू ताट घेऊन बाहेर आलीस. जावा बघत होत्या. तू ओवाळलंस, आणि मी ओवाळणी ठेवायच्या आधी, ताट तसंच धरून, हळूच विचारलंस, "बाळू, कोनता बहार यायचा हाय रे आता मला?"

मी पिशवीतून कंद काढून ताटात ठेवला. तू कंदाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि हसायला लागलीस. ताट हलून निरांजन विझलं इतकी हसलीस. मग डोळे पुसलेस, कशाने आले होते देव जाणे, आणि निरांजन पुन्हा लावलंस.

त्यानंतर ते वाक्य तुझं झालं. माझं प्रमोशन हुकलं, तू म्हणालीस, "ताण हाय बाळू, बहार यील." स्कूटर चोरीला गेली, ताण. दाढ काढली, ताण. मुलीच्या लग्नात आचाऱ्याने जिलबी करपवली तेव्हा तू मांडवाच्या त्या टोकाहून मला नुसती मूठ उघडून बहार दाखवलास. एका वाक्याची एवढी शिक्षा दुसऱ्या कोणी भोगली नसेल. मी ती आनंदाने भोगली, हे मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतोय, पण ह्याचा अर्थ मी नरमलो असा घेऊ नकोस.

कारण खरं भांडण पुढेच आहे. फुलपाखराचं.

ते दोन हजारच्या आसपास, भाऊबीजेला नाही, होळीनंतर आलं. फिकट हिरव्या पाकळ्यांवर वांगी रंगाचे फराटे, आणि वरची पाकळी अशी उभी की आता उडेल. कंद कळीसकट आला होता आणि तुझ्याकडे आठ दिवसांत फुलला. तू त्या दिवशी जेवायला उठली नाहीस, असं सुरेखाने मला सांगितलं. सुरेखा म्हणजे तुझी सून, तेव्हा नवीनच होती, आणि सासू फुलासमोर बसून राहते हे तिने माहेरी कळवलं होतं.

कांद्याचं बी धरताना गोंड्यांवरून हात फिरवायची तुला सवय. त्या हाताने तू फुलपाखराचे पराग उचललेस आणि शेंदरी पट्टेवालीवर फिरवलेस. मला कोणी असलं काही शिकवलं नव्हतं, तुलाही नाही. बोंड धरलं, फुटलं, जळक्या कागदाच्या चुऱ्यासारखं काळं बी निघालं. तेलाच्या डब्यात पेरलंस. तीस रोपं उगवली.

"ह्यांना काय रंग यील रे?"

"कुणालाच माहीत नाही. जगात आजवर कुणी पाहिलेलं नाही."

तू डब्यातल्या मातीवरून बोट फिरवलंस. "म्हंजी सायखेड्यात पयल्यांदा," तू म्हणालीस.

आणि मग दिवाळीला तू फुलपाखराचं आणि सगळ्या रोपांचं पाणी तोडलंस. डबा उचलून कांदाचाळीत कोरड्याला नेऊन ठेवलास. बाकीच्यांना तसं करून होळीनंतर भरभरून फुलं येत, त्यात वाद नाही. पण कंदाबरोबर एक चिठ्ठी आली होती आणि ती मी, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, नीट वाचली होती. हा सदा हिरवा असतो. ह्याला सुकवू नये. आणि रोपांना तर फुलेपर्यंत मुळीच नाही.

"आक्का, ह्याला ताण चालत नाही. ब्राझीलच्या जंगलात हे झाडांच्या फांद्यांवर उगवतं, वर्षभर ओलाव्यात."

"फांदीवर कांदा? थापा मारू नको."

"चिठ्ठीत लिहिलंय."

"टबात बुडवलेस तवा कुठं गेली व्हती चिठ्ठी?"

माझी सगळी हयात माझ्याविरुद्ध साक्षीला उभी होती. मी एकदा बरोबर होतो, एकदाच, आणि ते कोणाला पटण्यासारखं नव्हतं. मलाही रात्री पटायचं नाही.

फुलपाखरू पुन्हा फुललं नाही. तू म्हणालीस, हट्टी आहे, ताण कमी पडला. तिसऱ्या वर्षी ते गेलं. रोपं तिसाची वीस झाली, विसाची नऊ. दर दिवाळीला आपण भांडलो. मी ओरडायचो, तू अजून एक चकली वाढायचीस. गेल्या दिवाळीला एक उरलं होतं, एका कुंडीत, पानं पिवळी पडलेली, आणि तू ते पडवीत कोरड्याला ठेवलं होतंस.

"हे मला दे," मी म्हणालो.

"तुला? तुज्याकडं तुळस जगली का कदी?"

"मग पाणी तरी घाल. एकोणतीस मारलीस, हे तरी राहू दे."

हे बोलायला नको होतं. तुझा चेहरा उतरला आणि मला थांबता आलं असतं, पण मी थांबलो नाही. तू म्हणालीस, "माजं झाड, माजा ताण." मी चपला घातल्या. आपल्याकडे निघताना 'येतो' म्हणतात, जन्मभर तेच म्हणत आलो. मी 'जातो' म्हणालो.

तू म्हणालीस, "जा."

पौषात तू गेलीस. आपल्यात शेवटचे शब्द 'जातो' आणि 'जा' हेच. ह्याच्यावर कोणी मला समजावू नये, सगळं आक्काच्या मनात माफ होतं वगैरे. तुझ्या मनात काय होतं ते तुलाच माहीत, आणि तू सांगायची कधी घाई केली नाहीस.

तेराव्याला मी कानांनी ऐकलं, रमेश कोणाला तरी सांगत होता, आता अंगणात कोबा करून टाकू, चिखल नको, विषारी कांदे नकोत, पोरं खेळतात. माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. जेवणावळ चालू असताना मी पडवीत गेलो. तिथे कोरडी, पानं नसलेली एकच कुंडी होती. ताणावरची. तू कधी मत बदललंयस की आता बदलशील, ह्या खात्रीने मी ती आहेरातल्या धोतरात गुंडाळली, पिशवीत कोंबली आणि हात धुवायला न्हाणीपाशी गेलो. हात धुतले, चूळ भरली, पाय धुतले, आणि कोणाला न सांगता एसटी पकडली. पुढचं तुला माहीत आहे. झुणका.

पात खाल्ल्यावर खरी कुंडी कुठे गेली हा प्रश्न उरला. होळी होऊन गेल्यावर मी सायखेड्याला गेलो. रमेश शेतावर होता. सुरेखा न्हाणीबाहेरच्या दगडावर कपडे धूत होती. मी इकडचं तिकडचं बोललो. ती साबण लावता लावता म्हणाली, "मामा, आमचा कांदा आणला का परत?"

"कोणता कांदा?"

"पातीसाठी लावला व्हता मी कुंडीत. तेराव्यापासनं दिसत नाय. आन तुमची पिशवी त्या दिवशी लय जड व्हती."

मी दगडावर बसलो. सगळं सांगितलं, तुळस, निरांजन, सगळं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. नुसता ओला हात दगडाच्या पलीकडे केला. तिथे, जिथे धुण्याचं निवळ पाणी येतं आणि लिंबाची सावली पडते, एक कुंडी होती. चार लांब, गडद हिरवी पानं. तेराव्याच्या दिवशी मी तिच्यापासून हातभर अंतरावर पाय धुतले होते. तिच्यावर पाणीही उडालं असेल.

"ही कधी आणली इथे?"

"तुम्ही भाऊबीजेला तणतणत गेला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. आईनीच आणली पडवीतनं. रोज तांब्याभर पानी घालायच्या. मी इचारलं, आवं ताण? तर म्हनाल्या, मेल्याचं येखाद्या वेळी खरं असतंय." सुरेखाने कपडा पिळला. "आन म्हनाल्या, त्याला सांगू नको. डोक्यावर बसंल."

आक्का, हा रडीचा डाव आहे. सोळा वर्षांत मी एक भांडण जिंकलो आणि ते तू मला कळूच दिलं नाहीस. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, सायखेड्यात पोस्टकार्ड मिळतं. 'तुजं खरं' एवढे दोन शब्द लिहायला काय झालं होतं? मी धावत आलो असतो. डोक्यावर बसलो असतो, तू म्हणालीस तसा, आणि तू मला उतरवलं असतंस.

पण मला हे जिंकणं नकोय. मी ते घेत नाही, स्पष्ट सांगतो. तू हरलीस असं मी कोणाला सांगणार नाही. कोणी विचारलं तर सांगेन की वाद चालू आहे, दोन्ही बाजूंना म्हणणं आहे, आणि समोरची बाजू जरा उशीर करतेय. मला समजूतदार भाऊ करून जाता येणार नाही तुला.

मी सुरेखाला म्हणालो, ही कुंडी मी नेतो.

"नाय."

"अगं, इथे कोबा होणार."

"नाय होनार. मी ह्यांना सांगितलंय, कोबा करायचा तर आदी मला त्याच्यात पुरा. मग गप झाले." पुढचा कपडा घेतला. "आन आईनी सांगितलं व्हतं, मामा मागतील, गोड बोलतील, मग रडतीलबी. कुंडी द्यायची नाय."

मी गोड बोललो. मग, खोटं कशाला सांगू, रडलोही. ठरवून रडायला घेतलं होतं, पण निम्म्यावर ते माझ्या हातात राहिलं नाही. सुरेखाने पदराने हात पुसले, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला आणि परत कपडे धुवायला बसली. कुंडी दिली नाही. तू माणूस चांगलं निवडलंस, एवढं कबूल करतो.

म्हणून आता मी दर रविवारी सायखेड्याला जातो. मला कोणी बोलावलेलं नाही. मी कुंडीसमोर बसतो, तुझ्याशी भांडतो, जेवतो, आणि निघताना 'येतो' म्हणतो, मोठ्याने, शेजारच्या तात्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

ह्या रविवारी दोन पानांच्या बेचक्यातून काही तरी वर आलेलं दिसलं. पान वाटेना. अंगठ्याएवढं जाड, टोकाशी चपटं, मिटलेलं. मी पायरीवरून उठलो, गुडघ्यांवर बसलो, चष्मा काढला आणि इतका जवळ गेलो की माझा श्वास त्याला लागत होता. फुलाचा दांडा होता. कळीच्या शिवणीत कसला तरी रंग होता, हिरवा की वांगी की शेंदरी, सांगता येईना, जगात आजवर कुणी पाहिलेला नाही. मी सुरेखाला हाक मारली. ती आली, माझ्या खांद्यावरून वाकली. मग तिने माझा खांदा धरला.

"मामा, मागं सरा," ती म्हणाली. "तुम्ही जवळून बगितलेलं येकबी झाड आजपातूर जगलेलं नाय."